पाच न्यूटन-मीटरचा आवाज

सीटपोस्टची, म्हणजे सायकलच्या सीटखालच्या दांडीची, पाचर आवळताना तो आवाज आला. रात्र बरीच झाली होती, घरात दुसरी कसलीही चाहूल नव्हती, आणि पाच न्यूटन-मीटरवर लावलेला टॉर्क रेंच माझ्या उजव्या हातात होता. सायकलची जुळणी जवळजवळ संपत आली होती. चाके बसली होती, ब्रेकच्या नळ्यांत तेल भरून झाले होते, चेन तेवढी बाकी होती. मी रेंच थोडा फिरवला, आणखी थोडा फिरवला, आणि कुठेतरी 'टक्' झाले. ठरवलेल्या जोराला पोचला की टॉर्क रेंच असाच 'टक्' करतो. त्याच्या मुठीतला खटका निसटतो आणि तळहाताला एक लहानसा धक्का बसतो. पण माझी फ्रेम कार्बन तंतूंची होती, आणि कार्बनचा एखादा थर तडकला, तर तोही असाच 'टक्' करतो. त्या क्षणी माझ्या तळहाताला धक्का बसला होता की नाही, हे मला काही केल्या आठवेना. आवाज मात्र कानात राहिला.

मी रेंच खाली ठेवला आणि दिवा न मालवताच बराच वेळ बसून राहिले.

एअरो फ्रेमची, म्हणजे हवा कापायला घडवलेल्या सांगाड्याची, सीटपोस्ट गोल नसते. तिचा छेद पुढून निमुळता आणि मागून सपाट कापल्यासारखा असतो, त्यामुळे नळीभोवती आवळायची नेहमीची कडी तिथे चालत नाही. त्याऐवजी आडव्या नळीच्या पोटात एक लहान पाचर असते. स्क्रू आवळला की पाचर सरकते, सीटपोस्टला पुढून रेटते आणि मागच्या भिंतीशी दाबून धरते. बाहेरून दिसते ते फक्त रबरी झाकणाखालचे एक षटकोनी भोक. स्वाराचे सारे वजन आणि रस्त्याचे सारे हादरे या अंगठ्याएवढ्या पाचरीच्या भरवशावर असतात. पाच न्यूटन-मीटर म्हणजे दहा सेंटिमीटर लांब पान्ह्याच्या टोकाला साधारण पाच किलो वजन टांगल्यावर पडेल तेवढा पीळ. त्याहून कमी आवळले तर सीटपोस्ट गुपचूप खाली बसत जाते. फार जास्त आवळले तर भिंत चिरते. म्हणून तिथे ग्रीस लावायचे नसते, बारीक कणांची पेस्ट लावायची असते; ते कण दोन्ही पृष्ठभागांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत आणि कमी जोरात काम भागते. मी ती लावली होती. हे कण चिरडले जातानाही कुरकुरतात. म्हणजे त्या एका आवाजाचे तीन धनी असू शकत होते, आणि त्यांतला एकच मला नको होता.

ही फ्रेम खोक्यातून बाहेर काढली तो दिवस मला पुन्हा पुन्हा आठवतो. फिकट राखाडी रंग, वजन जेमतेम किलोभर, आणि एखाद्या पक्ष्याच्या छातीसारखा पुढे आलेला हेडट्यूबचा, हँडलखालच्या उभ्या नळीचा भाग. ती हातात घेतल्यावर मी पहिल्यांदा काय केले असेल, तर बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पायडलची धुरी बसते त्या जागेच्या, भोकातून विजेरी लावून आत पाहिले. बाहेरून काचेसारखी गुळगुळीत असलेली ही वस्तू आतून अगदी वेगळी होती. साच्यात घालून फुगवलेल्या पिशवीच्या सुरकुत्या राळेत जशाच्या तशा उमटल्या होत्या, दोन नळ्या मिळतात तिथे कापडाच्या चुण्यांसारखे थर दिसत होते, आणि एका कोपऱ्यात राळेचा एक थेंब ओघळता ओघळता घट्ट झाला होता. कार्बनचा एक तंतू साधारण 7 मायक्रॉन जाडीचा असतो, माणसाच्या केसाच्या एक दशांशाच्या आसपास. अशा हजारो तंतूंच्या राळेत भिजवलेल्या पट्ट्या कापून, त्यांचे शेकडो तुकडे कोणीतरी हाताने साच्यात रचलेले असतात. कुठला तुकडा नळीच्या लांबीत जायचा आणि कुठला पंचेचाळीस अंशांत तिरका, यावर ती नळी वाकणार किती आणि पिळणार किती हे ठरते. त्या अनोळखी हातांचा माग मला त्या ओघळात दिसला. एकदा तिथे बेअरिंगचे कप बसले, पायडलचा दांडा म्हणजे क्रँक चढली, की तिथे पुन्हा सहसा कोणी डोकावणार नव्हते. मी बराच वेळ विजेरी फिरवत राहिले.

नळ्यांच्या त्या आकाराविषयी मला मनापासून आदर आहे. हवेला सर्वांत सोयीचा आकार पाण्याच्या थेंबासारखा, मागे लांब निमुळता होत गेलेला. पण तेवढे लांब शेपूट सायकलच्या नळीला लावले तर ती जड होते आणि आडव्या वाऱ्यात शिडासारखी ओढली जाते. 1930 च्या दशकात वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने मोटारींवर काम करताना दाखवून दिले, की हे शेपूट योग्य जागी सरळ छाटून टाकले तरी फारसे बिघडत नाही. हवा जणू ते तिथे असल्यासारखीच वाहत राहते. सायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पूर्वी दंडक होता, की नळीची खोली तिच्या जाडीच्या तिपटीहून जास्त असू नये. त्या चौकटीत हा छाटलेला आकार चपखल बसला. 2000 सालापासून शर्यतीच्या सायकलला 6.8 किलोची किमान मर्यादाही आहे, तेव्हा हलकेपणाचा ध्यास एका तळाशी येऊन टेकल्यावर नजर वाऱ्याकडे वळणे स्वाभाविकच होते. वाऱ्याशी झगडण्याचा हिशेब निष्ठुर असतो. वेग तीस किलोमीटरवरून चाळीसवर न्यायचा, तर एकट्या हवेपायी सुमारे 2.4 पट ताकद द्यावी लागते.

तरीही या हिशेबात एक कबुली द्यावी लागते, आणि फ्रेम घेताना ती मला ठाऊक होती. हवेच्या एकूण विरोधातला बहुतांश वाटा सायकलचा नसतोच. तो स्वाराच्या देहाचा असतो. 1989 च्या तूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंतच्या 24.5 किलोमीटरच्या एकेरी शर्यतीत ग्रेग लेमाँडने लोरां फिन्योंची पन्नास सेकंदांची आघाडी पुसून काढली आणि अवघ्या आठ सेकंदांनी स्पर्धा जिंकली. त्याच्या हँडलवर कोपर टेकायला आधार होता, त्यामुळे पाठ आडवी आणि हात जवळ आले होते. फिन्यों उघड्या डोक्याने, मागे केसांची शेपटी उडवत धावत होता. त्या दिवसाविषयी बोलताना लोकांना लेमाँडचे ते हँडल आणि त्याचे वाकलेले शरीर आठवते, फ्रेमच्या नळ्यांचा आकार नाही. मग मी नळ्यांच्या मागे का लागले? मी शर्यती जिंकणारी नाही, आणि दोनचार वॉट वाचल्याने माझ्या आयुष्यात काही उलथापालथ होणार नाही. याचे प्रामाणिक उत्तर मला त्या विजेरीच्या उजेडातच मिळाले असावे. इतक्या विचाराने घडवलेली वस्तू आपल्या हातांनी पुरी करावी, ही ओढ मला लहानपणापासून आहे, आणि ती बाबांकडून आलेली आहे.

बाबा सायकली दुरुस्त करीत. पोटासाठी नाही, आवडीने. पण आवड एवढी, की घराच्या मागच्या खोलीत एक ना एक सायकल चाके वर करून उलटी उभी असायचीच. फोर्कला ते चिमटा म्हणत, सीटपोस्टला सीटची दांडी. चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसले की रिमच्या शेजारी खडू धरून चाक फिरवीत आणि खडूची रेघ जिथे उमटेल तिथल्या ताराच तेवढ्या आवळीत. पण त्यांचे खरे हत्यार कान होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक हबवर टेकवायचे, लाकडी मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटून चाक हळूहळू फिरवायचे. "छर्रा झिजलाय," ते म्हणत, किंवा "कोन आवळलाय जास्त." उघडून पाहिले की तसेच निघे. मी तीच मूठ माझ्या कानाला लावून ऐकत असे, आणि मला फक्त एक लांबची घरघर ऐकू येई, समुद्राच्या शिंपल्यात येते तशी. "ऐकत राहा," ते म्हणत, "आवाज आपली जागा सांगतो."

त्याच खोलीत त्यांनी मला उलट्या आट्यांचे रहस्य दाखवले होते. क्रँकच्या उजव्या बाजूचा कप डावीकडे फिरवून का आवळायचा, असे मी विचारले होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून मला सैल मुठीत धरायला लावली आणि तिचे वरचे टोक बोटाने गोल फिरवले. ते टोक घड्याळाच्या दिशेने फिरत होते, आणि माझ्या मुठीतली पेन्सिल मात्र स्वतःभोवती उलट दिशेने वळत होती. बेअरिंगच्या आत हेच चालते, ते म्हणाले; हजारो फेऱ्यांत तो उलटा पीळ साठत जातो आणि सरळ आट्यांचा कप आपोआप सुटतो. ती वळणारी पेन्सिल माझ्या बोटांना आजही जाणवते. नव्या फ्रेमचे बॉटम ब्रॅकेट त्याच जुन्या ब्रिटिश मापाचे, 68 मिलिमीटर रुंदीचे आणि आट्यांचे निघाले, तेव्हा मला झालेला आनंद इतरांना सांगून पटला नसता. उजवा कप डावीकडे फिरवला. आटे पहिल्या बोटाच्या जोरावर धरले गेले, लोण्यात सुरी जावी तसे आत गेले, आणि मग मोठ्या पान्ह्याने चाळीस न्यूटन-मीटरपर्यंत आवळताना खांद्यापासून जोर लावावा लागला. या सबंध फ्रेमवर एवढा जोर निःशंक मनाने लावता येईल अशा जागा फार थोड्या आहेत.

बाकी सगळीकडे हात आखडूनच काम करावे लागते. ब्रेकच्या नळ्या हँडलच्या आतून, मग हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर वळते त्या जोडाच्या, वरच्या बेअरिंगमधून खाली फ्रेममध्ये उतरतात. मागची नळी बॉटम ब्रॅकेटशी येऊन अडली, आणि लोहचुंबक बांधलेल्या दोऱ्याने तिला मागच्या चाकापर्यंत ओढून न्यायला एक संपूर्ण संध्याकाळ गेली. उद्या हे वरचे बेअरिंग बदलायचे झाले तर ब्रेकच्या नळ्या सोडवाव्या लागतील, तेल पुन्हा भरावे लागेल. वाऱ्यापासून जे जे लपवले, ते ते दुरुस्त करणाऱ्या हातांपासूनही लपले आहे. या सायकलींविषयी माझी खरी तक्रार कुठली असेल तर ती हीच आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.

सर्वांत जास्त भीती वाटली ती स्टिअरर ट्यूब कापताना. फोर्कची ती 28.6 मिलिमीटर जाडीची काळी नळी हेडट्यूबमधून वर आलेली असते, आणि हँडलची उंची ठरवून ती करवतीने कापायची असते. एकदा कापली की कापली. मी तीन वेळा मोजले, वर दोन रिंगा राहतील एवढी लांबी मुद्दाम राखली, मास्क लावला, कारण कार्बनची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नसते, आणि बारीक दातांच्या पात्यावर पाणी सोडत सोडत कापले. लोखंड कापताना करवत किंचाळते आणि ठिणग्या उडतात. कार्बन कापताना ती ओल्या पेन्सिलीवर चालावी तशी पुटपुटते. काळा चिखल जमिनीवर ठिबकला. कापलेला तुकडा हातात घेऊन त्याच्या कडेकडे पाहिले, तर झाडाच्या वर्तुळांसारखे थर दिसले. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे.

पण बोलायचे होते त्या आवाजाविषयी.

बाबांच्या सायकली बोलक्या होत्या. पोलादी नळी आपटली की पोचा पडतो, वाकली की वाकलेली दिसते, क्रँकला धुरीवर धरणारी कॉटर पिन सैल झाली की प्रत्येक पायडलला ती खट् खट् असे कळवते. कार्बन अबोल आहे. तंतूंच्या लांबीत त्याची ताकद थक्क करणारी असते, नीट घडवलेली फ्रेम वर्षानुवर्षे थकत नाही. पण नळीला आडवी चिमट मारली, की ज्या दिशेला तंतूंचा आधार नाही त्या दिशेला थरांमधली राळ सुटते, आणि वरचा रंग शाबूत राहून आत दोन थर एकमेकांपासून अलग होऊ शकतात. पाचर नेमकी तशीच चिमट मारते. म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही. लोखंडाने मला खरे काय ते सांगून टाकले असते.

सकाळी मी पाचर सैल केली, सीटपोस्ट बाहेर काढली, पेस्ट पुसली. सीटपोस्टवर काही नव्हते. फ्रेमवर, पाचरीच्या भोकाच्या मागच्या कोपऱ्यापासून निघालेली, भुवईच्या केसाएवढी बारीक एक रेघ होती. लांबी नऊ मिलिमीटर. तिच्यावरून नख फिरवले, नख अडकले नाही. अशा जागी अशा रेघा बहुतेक वेळा नुसत्या रंगाच्या असतात, कारण रंग ताठ असतो आणि खालची भिंत किंचित लवते. बहुतेक वेळा. मी एक नाणे घेतले आणि नळीवर हलके हलके ठोकत गेले. विमानांच्या भागांतले सुटलेले थरही अशाच ठोक्यांनी शोधतात. धड भागावर ठोका खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे तो बसका, भरीव नसल्यासारखा येतो. रेघेच्या अलीकडे टक्, पलीकडे टक्, रेघेवर टक्. तिसरा ठोका थोडा बसका होता का? पाच वेळा ऐकल्यावर मला पाच वेगवेगळे आवाज ऐकू यायला लागले.

बाबांना आता ऐकू येत नाही. कानात यंत्र आहे, पण त्याने माणसांचे बोलणे जेमतेम कळते. सायकलीचे बोलणे त्यांच्यासाठी संपले आहे. त्यामुळे त्यांना विचारावे की नाही, या विचारात मी थोडी रेंगाळले. ज्या गोष्टीत त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हते, नेमकी तीच त्यांच्यापुढे ठेवायची मला भीती वाटत होती. शेवटी ते स्वतःच चहाचा कप घेऊन आले आणि माझ्या हातातले नाणे त्यांनी पाहिले.

"तडा आहे का?" त्यांनी विचारले.

"कळत नाही, बाबा. तुम्ही..." आणि मी थांबले.

त्यांनी कप खाली ठेवला. चष्मा कपाळावर सरकवून रेघ डोळ्यांच्या अगदी जवळून पाहिली. मग त्यांनी उजव्या हाताची तीन बोटे नळीच्या खालच्या अंगाला, रेघेच्या बरोबर खाली लावली आणि डोळे मिटले. "ठोक," ते म्हणाले. मी ठोकले. त्यांनी बोटे दोन सेंटिमीटर पुढे सरकवली. "ठोक." पुन्हा मागे. "अगं, एवढ्या जोरात नको, घाबरल्यासारखी ठोकू नकोस." मी हलके ठोकले. त्यांचा चेहरा तोच होता, स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागे धरलेला. फक्त आता कान बोटांत उतरले होते. किती तरी वेळ आम्ही तसेच ठोकत आणि चाचपत राहिलो. मग त्यांनी माझा हात धरून माझी बोटे तिथे लावली आणि नाणे स्वतःकडे घेतले. पहिल्यांदा काही कळले नाही. नंतर हळूहळू प्रत्येक ठोका भिंतीतून बोटाच्या टोकाशी येताना जाणवू लागला, एक लहान, ताठ टोचणी. रेघेवरची टोचणी आणि रेघेपलीकडची टोचणी मला सारखीच वाटली.

"सारखंच आहे," मी म्हणाले. ते त्यांना ऐकू गेले नाही, म्हणून मी मान हलवली.

"मलाही तसंच लागतंय," ते म्हणाले. "पण लागतंय म्हणजे आहेच असं नाही." एवढे बोलून त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल उचलली, टोक नखावर तासून पाहिले, आणि रेघेच्या दोन्ही टोकांना एक एक ठिपका दिला. राखाडी रंगावर ते दोन ठिपके जेमतेम दिसत होते. रेघ ठिपक्याबाहेर आली तर फ्रेम टांगून ठेवायची आणि जाणकाराकडून तपासून घ्यायची, एवढेच त्यांनी सांगितले. मग कप उचलून ते बाहेर गेले.

मी पेस्ट पुन्हा लावली. या वेळी रेंच फिरवताना डावा हात मुद्दाम पाचरीजवळच्या नळीवर ठेवला. पाच न्यूटन-मीटरला खटका निसटला, आणि तो धक्का मला उजव्या तळहातात स्पष्ट कळला. डाव्या बोटांना काहीही लागले नाही. आदल्या रात्री माझा डावा हात कुठे होता, हे मला आजतागायत आठवलेले नाही.

या गोष्टीला आता पाच महिने होत आले. सायकल धावते आहे. चाळीसच्या वर वेग गेला की वाऱ्याचा एकसारखा, सपाट घोंघाट कानात भरतो आणि त्यात खालचे कोणतेही आवाज ऐकू येत नाहीत, हे मला सुरुवातीला फार त्रास देत असे. परत आल्यावर सायकल स्टँडला लावते, ओल्या फडक्याने घाम आणि धूळ पुसते, रबरी झाकण काढून विजेरी लावते. रेघ नऊ मिलिमीटरच आहे. मागच्या आठवड्यात पुसताना पुढचा ठिपका निघून गेला होता. मी तो पुन्हा काढणार होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, थांब, आधी मोजून घे. मोजले, आणि मग पेन्सिल त्यांच्या हातात दिली.